पाळीव प्राण्यांमधील आजाराची लक्षणे

कुत्रा, मांजर, ससा, पक्षी अशा घरात पाळलेल्या प्राण्यांची तब्येत बिघडली की त्यांच्या वागण्यात, खाण्यापिण्यात, श्वासात आणि मलमूत्रात बदल दिसू लागतात. हे बदल ओळखून पशुवैद्याकडे लगेच न्यायचे की दिवसभर घरीच लक्ष ठेवायचे, हा निर्णय पाळणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

बहुतेक प्राणी दुखणे लपवतात. मांजर, ससा आणि पक्षी यांच्यात ही प्रवृत्ती फार ठळक असते. पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला आणि श्वासागणिक शेपूट हलवणारा पक्षी तोवर बराच आजारी झालेला असतो. त्याला त्याच दिवशी दाखवावे. काही रूढ समजुतीही फसव्या आहेत. निरोगी कुत्र्याचे नाकही झोपेतून उठल्यावर कोरडे असते. मांजर खुशीत घुरघुरते, तसेच दुखत असतानाही घुरघुरते.

म्हणून त्या प्राण्याची रोजची रीत माहीत असणे सर्वांत उपयोगाचे. नेहमी कपाटावर उडी मारणारे मांजर खालीच बसू लागले किंवा अंग चाटून साफ करेनासे झाले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. सांधे किंवा दात दुखत असण्याची शक्यता मोठी असते. अचानक वाढलेली तहान हेही असेच दुर्लक्षित लक्षण. मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार बरेचदा आधी पाण्याच्या भांड्यापाशी कळतात. नसबंदी न झालेली कुत्री माजानंतर काही आठवड्यांत खूप पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी, मग स्राव दिसो वा न दिसो.

मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळ्यांचे मिटणे, मुस्कटाचा ताण, मिशा आणि डोक्याची पातळी यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. १० पैकी ४ किंवा अधिक गुण झाले, तर वेदनाशामकाची गरज असू शकते.

घरी सहज मोजता येतो तो श्वास. प्राणी गाढ झोपलेला असताना छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास मोजावा. कुत्र्यामांजरांत हा आकडा मिनिटाला साधारण ३० च्या आत असतो. तो वारंवार त्यावर जात असेल, तर हृदय किंवा फुप्फुसे तपासून घ्यावीत. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ते तातडीचे समजावे. निरोगी हिरड्या गुलाबी असतात आणि बोटाने दाबून सोडल्यावर २ सेकंदांच्या आत रंग परततो. पांढरट हिरड्या रक्त कमी झाल्याचे किंवा रक्ताभिसरण कोसळत असल्याचे सांगतात, निळसर प्राणवायू अपुरा पडल्याचे, तर पिवळ्या काविळीचे. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीच्या आत पाहावे. कुत्र्याचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे अंग गरम लागणे हा तापाचा पुरावा नव्हे, थर्मामीटरच लावावा.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो बोक्याच्या लघवीबाबत. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, लघवीची जागा चाटत राहतो; वाळू मात्र कोरडीच. घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ झाले. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असतो. रक्तात पोटॅशियम वाढत जाऊन हृदयाची लय बिघडते, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. येथे सकाळची वाट पाहू नये. रुंद, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचे पोट फुगले आणि उमाळे येऊनही काही बाहेर पडत नसेल, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो; तेथे हाताशी तासच असतात. ५ मिनिटांपेक्षा लांबलेली फिट, एका दिवसात आलेल्या एकाहून जास्त फिट आणि उष्माघात यांनाही हाच नियम. उष्माघातात मात्र निघण्यापूर्वीच अंगावर पाणी ओतून वारा घालावा.

याउलट, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला एखादी उलटी झाली, पण तो खेळतो, पाणी पितो आणि ते पोटात राहते, तर दिवसभर लक्ष ठेवणे पुरेसे असते. पिल्लाला ही सवलत नाही. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले, तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका घेऊन लगेच न्यावे. सशाने १२ तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर आतडी मंदावलेली असतात. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. उपाशी राहून २४ तास झाले की आणखी वाट पाहू नये.

माणसांची औषधे देणे हा सर्वांत घातक घरगुती उपाय. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच जाते. चॉकलेट, द्राक्षे, मनुके, कांदा, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेले च्युइंगगम कुत्र्याने खाल्ले किंवा मांजराने लिलीचे पान चघळले, तर लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये. सल्ल्याशिवाय उलटी करवू नये, आणि वेष्टन सोबत न्यावे. फिट, खोकला किंवा लंगडणे यांचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला प्राणी अनेकदा ते लक्षण दाखवतच नाही.