एचटीटीपी विनंतीचे प्रवाही वाचन

ब्राउझर किंवा मोबाइल अॅपने पाठवलेल्या एचटीटीपी (वेबवरील देवाणघेवाणीचे नियम) विनंतीचा मजकूर सर्व्हरवरील प्रोग्रामने येईल तसा, तुकड्यातुकड्याने वाचणे. विनंतीत आधी हेडर, म्हणजे विनंतीविषयीची माहिती देणाऱ्या ओळी, मग एक कोरी ओळ आणि त्यानंतर मजकूर, म्हणजे बॉडी असते. हेडर वाचून प्रोग्राम कामाला लागतो तेव्हा बॉडी बऱ्याचदा वाटेतच असते. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावलच्या बागेतून केळीच्या घडाचा फोटो चढवताना रेंज धरसोड करू लागली, की ही वाट लांबते. टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून बाइट पोचवणारी नियमपद्धती, बाइटांचा क्रम राखते. तुकडे कुठे पडतील, याची हमी देत नाही.

बॉडीची लांबी ‘कंटेंट-लेंग्थ’ हेडर आधीच सांगते. लांबी ठाऊक नसेल तर एचटीटीपी १.१ मध्ये बॉडी ‘चंक’ नावाच्या गटांत पाठवण्याची ‘चंक्ड’ पद्धत वापरतात: प्रत्येक चंकाच्या डोक्यावर त्याची लांबी सोळा-आधारी अंकांत, आणि शेवटी शून्य लांबीचा चंक. हे चंक आणि प्रोग्रामच्या हाती पडणारे तुकडे एकच, हा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे.

नोड.जेएसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली, २००९) दर तुकड्याला ‘डेटा’ आणि अखेरीस ‘एंड’ ही घटना घडते. आलेला तुकडा लगेच अक्षरांत बदलून आधीच्या मजकुराला जोडणे, ही नवशिक्यांची सवय. इंग्रजी मजकुरात ती खपून जाते, कारण तिथे एका अक्षराला एकच बाइट लागतो. मराठी असो वा अहिराणी, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलासुद्धा, ३ बाइट लागतात. ‘केळी’ हा शब्द १२ बाइटांचा. पहिला तुकडा ७ बाइटांवर तुटला, तर ‘के’ शाबूत राहतो, ‘ळ’च्या जागी काळ्या चौकटीतली तीन प्रश्नचिन्हे उमटतात आणि मागे वेलांटी लोंबकळत राहते. म्हणून आधी बाइट जोडायचे, मग अक्षरे वाचायची. किंवा अर्धवट बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवणारा डीकोडर वापरायचा. चाचणी फक्त इंग्रजी नावांवर केली, तर हा दोष सापडतच नाही.

मोठी फाइल मेमरीत न साठवता थेट डिस्कवर उतरवतात. डिस्क मागे पडली तर वाचन थांबवावे लागते. पांझराकाठच्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीत पाटकऱ्याने, म्हणजे पाटाचे पाणी सांभाळणाऱ्याने, दार घातले की पाणी मागे तुंबते. इथेही टीसीपीची खिडकी, म्हणजे एका वेळी किती बाइट घेता येतील ती मर्यादा, आक्रसते आणि पाठवणारा थबकतो. मजकुराला कमाल मर्यादा हवीच, आणि बाइट वाचतानाच मोजायला हवेत, कारण चंक्ड विनंतीत लांबी आधी कळत नाही. मर्यादा ओलांडल्यास सर्व्हर ४१३ (मजकूर फार मोठा) हा संकेतांक परत पाठवतो.