पुरणपोळीनंतरची गुंगी

अक्षय तृतीयेला नागपुरात दुपारी पानं वाढली जातात : तुपाची धार सोडलेली पुरणपोळी, बैंगनफल्ली आंब्याचा रस, कढी, भजी, कुरडया. जेवणं आटोपली की कूलरसमोर चटया पडतात आणि सगळं घर आडवं होतं. बाहेर पारा चव्वेचाळिशीला टेकलेला, त्यामुळे कुठे जायचा प्रश्नच नसतो.

जेवल्यावर डोक्यातलं रक्त पोटाकडे जातं म्हणून झोप येते, असं घरोघरी सांगतात. यातलं अर्धंच खरं आहे. आतड्यांचा रक्तपुरवठा वाढतो हे खरं, पण मेंदू आपला वाटा सहजासहजी सोडत नाही. रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंद किंवा अरुंद होऊन प्रवाह जवळपास तेवढाच राखतात.

मग गुंगी येते कुठून? तूप लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचलं की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात. त्यामुळे पित्ताशयातून पित्त येतं, जठर सावकाश रिकामं होतं आणि पोट भरल्याची खबर व्हेगस या मज्जातंतूवाटे मेंदूला मिळते. इथे पुरणपोळीची गंमत कळते : तूप जितकं जास्त, तितका तिचा पोटातला मुक्काम लांबतो. दुसरीकडे रसातली आणि गुळातली साखर रक्तात उतरते. आपल्याला जागं ठेवणारं ओरेक्सिन हे रसायन 1998 साली सापडलं. ते तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी ग्लुकोज वाढलं की मंदावतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यात दुपारची पेंग शरीराच्या घड्याळातच आहे. उपाशी माणसालाही ती येते. सणाच्या दिवशी ही सगळी कारणं एकाच वेळी जमून येतात, त्यामुळे त्या झोपेला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आडवं व्हायचंच, तर वामकुक्षीची जुनी रीत उत्तम. डाव्या कुशीवर झोपल्यावर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं आणि आम्ल वर चढून छातीत जळजळ होण्याचा त्रास कमी होतो. त्याआधी शतपावली केली तर आणखी चांगलं. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे मात्र या दिवशी लक्ष हवं. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळलेलं असतं, त्यात जेवणानंतर आतड्यांची मागणी. तरुण शरीर हृदयाचे ठोके वाढवून हे सांभाळून घेतं. वयस्कांमध्ये रक्तदाब उतरतो, विशेषतः गोडधोड भरपूर झालं की, आणि तासा-दोन तासांत उठताना त्यांना भोवळ येऊ शकते. आजोबांना जेवणाआधी पाणी द्यावं, रसाची दुसरी वाटी संध्याकाळसाठी ठेवावी आणि चटईवरून उठताना आधी जरा वेळ बसू द्यावं.