वेगवान व लवचीक राउटरची रचना

संगणकजाळ्यात आलेल्या पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावरचा, पत्ता वाचून ते पुढच्या योग्य जाळ्याकडे धाडणारे यंत्र म्हणजे राउटर. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या अनेक केबल येतात आणि शहरातल्या इंटरनेट एक्स्चेंजमध्ये सेवा पुरवणाऱ्यांची जाळी एकमेकांना जोडली जातात. अशा ठिकाणी राउटरला वेग हवाच, शिवाय नवे नियम आणि नवे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांमधल्या संवादाच्या ठरलेल्या पद्धती, सामावून घेण्याची लवचीकताही हवी. दोन्ही एकत्र साधणे हाच या रचनेतला खरा पेच.

वेगाचा हिशेब कठोर असतो. सेकंदाला १०० गिगाबिट वाहणाऱ्या पोर्टवर, म्हणजे राउटरच्या जोडणीच्या जागी, सगळी पॅकेट ६४ बाइटची, म्हणजे सर्वांत लहान आली, तर एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६.७२ नॅनोसेकंद येतात. डीरॅम या संगणकातल्या नेहमीच्या मेमरीतल्या वाटेल त्या जागेवरून एकदा वाचायलाच याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

एवढ्या वेळात पत्ता शोधायचा, आणि तोही नुसता जुळणारा नव्हे. राउटरच्या मार्गांच्या तक्त्यात १०.२०.५.९ या पत्त्याला ‘१०’ने सुरू होणारी आणि ‘१०.२०’ने सुरू होणारी अशा दोन्ही नोंदी लागू पडतात. निवडायची ती अधिक लांब जुळणारी. एकेक बिट तपासत बसण्याऐवजी अनेक बिटांचा गट एकदम तपासणाऱ्या झाडासारख्या रचना यासाठी विकसित झाल्या. आयआयटी मुंबईत शिकलेले जॉर्ज वर्गीस यांचे या क्षेत्रातले काम पायाभूत मानले जाते. दुसरा उपाय टीकॅम मेमरीचा. ती सर्व नोंदी एकाच वेळी तपासते, पण महाग असते, वीज खाते आणि तिच्यातली जागा मोजकीच असते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगभरच्या मार्गांची संख्या ५ लाख १२ हजारांपलीकडे गेली, तेव्हा अनेक जुन्या राउटरमधली ही जागा संपली आणि ठिकठिकाणी इंटरनेट अडखळले. आज हे मार्ग ९ लाखांहून अधिक आहेत.

पत्ता सापडला तरी पॅकेट राउटरच्या आतच अडकू शकते. सिग्नलला सरळ जाणारी गाडी पुढे उभी असली की मोकळ्या डावीकडे वळणारीही मागे खोळंबते, तसेच हे. प्रत्येक प्रवेशद्वारावर एकच रांग ठेवली, तर सारख्या विखुरलेल्या रहदारीत मोठ्या स्विचची, म्हणजे राउटरमधल्या आतल्या-बाहेरच्या पोर्ट जोडणाऱ्या भागाची, सुमारे ५८.६ टक्केच क्षमता वापरता येते, असे १९८७ मध्ये दाखवले गेले. म्हणून आता दर बाहेरच्या पोर्टसाठी वेगळी रांग ठेवतात.

लवचीकतेचा सोपा मार्ग सॉफ्टवेअरचा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत घडलेल्या ‘क्लिक’ राउटरमध्ये छोटे भाग जोडून हवे ते वर्तन उभे करता येई, मात्र खास राउटरसाठी बनवलेल्या चिपच्या वेगाशी त्याला बरोबरी करता येत नसे. २०१४ मध्ये मांडलेल्या पी-फोर भाषेने चिपलाच सांगता येऊ लागले की पॅकेटचे कोणते भाग वाचायचे आणि त्यावर काय करायचे. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत महत्त्वाची झेप आहे. तरीही चिपमधले टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची मेमरी ठरलेली असते. त्यात न मावणारा प्रोग्राम कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारे सॉफ्टवेअर, नाकारतो.