फोनमधल्या गावात बर्फ कुठून आला?

डिसेंबरात कोल्हापूरच्या आसपास उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले असतात, गुऱ्हाळं पेटलेली असतात. त्याच वेळी राजारामपुरीत बसून ‘हे डे’ किंवा ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’सारखा गाव वसवायचा खेळ खेळणाऱ्याच्या फोनमधल्या गावात मात्र बर्फ पडलेला असतो. दुकानात नवी सजावट येते, खाली घड्याळ उलटं चालू असतं आणि ते शून्यावर यायच्या आत काय घ्यायचं ते घ्यावं लागतं. रोज खेळणाऱ्याला यात वावगं काही वाटत नाही. पण ही पद्धत गाव वसवायच्या खेळाबरोबर जन्मलेली नाही. तिचे दोन तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी तयार झाले आणि बऱ्याच उशिरा एकत्र आले.

गाव वसवायचा नाद लावला तो ‘सिमसिटी’ने, १९८९ साली. विल राइट हा तिचा कर्ता. त्याआधी १९८४ मध्ये त्याने हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकण्याचा एक खेळ केला होता. तो करताना त्याच्या लक्षात आलं की बेटं उडवण्यापेक्षा ती रचण्यातच आपल्याला जास्त मजा येते. ‘सिमसिटी’त बाग लावली तर आजूबाजूच्या जमिनीचा भाव वाढायचा. सणासुदीचा माल तिथे नव्हता. असायचं कारणही नव्हतं, कारण खेळाचा डबा एकदा विकला की कंपनीचा धंदा तिथेच संपायचा.

ऋतू आणले निन्टेंडो या जपानी कंपनीने. एप्रिल २००१ मध्ये जपानात ‘दोबुत्सु नो मोरी’ आला. पुढे तोच ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ म्हणून जगभर गेला. आपल्याकडे ज्याला व्हिडिओ गेमची कॅसेट म्हणायचे, तशा त्याच्या कॅसेटमध्येच एक घड्याळ बसवलेलं होतं. टीव्ही बंद असला तरी ते चालू. बाहेर रात्र झाली की गावात रात्र, थंडी आली की गावात बर्फ. नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक रेनडिअर भेटवस्तू घेऊन यायचा. त्या संध्याकाळी तुम्ही हजर नसाल तर गेली वस्तू, आता पुढच्या वर्षी. हुकल्याची हळहळ इथेच सुरू झाली. मात्र त्या हळहळीवर कोणी पैसे कमवत नव्हतं.

पैसे आले शेतातून. चीनमध्ये २००८ साली ‘हॅपी फार्म’ने शेजाऱ्याच्या मळ्यातली भाजी चोरायचं वेड लावलं. जून २००९ मध्ये झिंगा कंपनीने फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आणला. आपल्याकडच्या नेट कॅफेतही तेव्हा तासाचे पैसे मोजून स्ट्रॉबेरी काढणारी पोरं दिसायची. फार्मव्हिलच्या बाजारात ठरावीक दिवसांपुरत्या वस्तू येऊ लागल्या. हॅलोविनला एक माल, नाताळला दुसरा. त्यातल्या बऱ्याच वस्तूंना साधी नाणी चालत नसत, खऱ्या पैशाने घेतलेली ‘फार्म कॅश’ लागायची. २००९ च्या डिसेंबरात शेतात एक झाड उभं करायचं आणि मित्रांनी त्याखाली भेटी ठेवायच्या, असा प्रकार निघाला. म्हणजे तुमची सजावट पुरी व्हायला दुसऱ्या कोणीतरी खेळात यायला हवं. पुढच्याच डिसेंबरात आलेल्या ‘सिटीव्हिल’ने सुमारे दीड महिन्यात दहा कोटी खेळाडू गाठले. त्यात झाडं-कारंजी घराशेजारी लावली की घराचं उत्पन्न वाढायचं. शोभेची वस्तू कामाचीही झाली.

फोनवर हे सगळं यायला एक दार उघडावं लागलं. अ‍ॅपलने ऑक्टोबर २००९ मध्ये फुकट अ‍ॅपच्या आतही खरेदीला परवानगी दिली. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘स्मर्फ्स व्हिलेज’ आला आणि गाव लवकर वाढवायला ‘स्मर्फबेरी’ विकू लागला. अमेरिकेतल्या एका आठ वर्षांच्या मुलीने त्यात १,४०० डॉलर उडवले, घरच्यांना कळलं ते बिल आल्यावर. अशा तक्रारींचा शेवट २०१४ मध्ये झाला. अ‍ॅपलने तिथल्या सरकारी आयोगाशी तडजोड करून किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत द्यायचं कबूल केलं.

२०१२ हे या प्रकाराचं खरं वर्ष. ‘द सिम्पसन्स: टॅप्ड आउट’, ‘हे डे’ आणि ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ तिन्ही त्याच साली. घड्याळ आणि दुकान दोन्ही आता एकाच खिशात आले. सजावटच विकायला सोयीची का, हे या खेळांकडे नीट पाहिलं की समजतं. तोफ किंवा तटबंदी पैशाने विकली की फुकट खेळणारे ओरडतात, खेळाचा तोल जातो. पांढरं छप्पर आणि दिव्यांची माळ लावलेल्या घराने कोणाचंच बिघडत नाही. चित्रकाराला जुन्याच घरावर नवा रंग चढवायचा असतो, आणि गावात डोकावणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं. क्लॅशमध्ये दर डिसेंबरला रिकाम्या जागेवर नाताळचं झाड उगवतं, दर वर्षी निराळं. खरं तर तो अडथळा, काढून टाकायचा असतो. पण जुने खेळाडू त्याला हात लावत नाहीत. २०१२ चं झाड कोपऱ्यात उभं असलेलं गाव दिसलं की समोरचा किती जुना आहे ते विचारावं लागत नाही. गंमत म्हणजे ही झाडं फुकट मिळतात, आणि त्या गावांत सर्वांत जपलेली वस्तू तीच असते.

कोल्हापुरात हे रुजलं त्याला ढोबळ कारण स्वस्त डेटा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गाव उघडं ठेवायची ऐपत सगळ्यांना आली. पण हात आधीच बसलेला होता. दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली पोरं चिखलात भिजवलेली पोती विटा-दगडांवर टाकून किल्ला करतात, बुरूज लिंपतात, उतारावर हळीव पेरतात, जुनं ताट पुरून तळं करतात. कुंभार गल्लीतून आणलेले मावळे माचीवर उभे राहतात. प्रमाणाची फिकीर कोणाला नसते. बुरुजाएवढी शेळी असते, महाराजांच्या सिंहासनाखाली प्लॅस्टिकची जीप असते. (पन्हाळा म्हणून सुरू केलेला किल्ला तळं जमलं नाही म्हणून विशाळगड होतो, तेही चालतं.) सण संपला की मावळे पेपरात गुंडाळून माळ्यावर जातात. गौरी-गणपतीच्या आरासीचंही तसंच. ठरावीक दिवसांपुरतं गाव मांडायचं, शेजाऱ्यांनी बघून जायचं आणि सामान पुढच्या सालाला ठेवून द्यायचं, हे इथे कोणा कंपनीने शिकवलेलं नाही.

कॅलेंडर मात्र आपलं नाही. हॅलोविन, नाताळ, चिनी नववर्ष, व्हॅलेंटाइन, ईस्टर, मग समुद्रकिनाऱ्याचा उन्हाळा, अशी बहुतेक खेळांची वर्षाची फिरकी. २०२० च्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ने उत्तर गोलार्ध की दक्षिण, हे निवडायची सोय दिली. पण दोन्हीकडचे ऋतू चारच. ऑगस्टात पंचगंगा पात्राबाहेर येते, गगनबावड्याकडे धुवाधार चालू असतो, आणि फोनमधल्या गावात वाळूवर रंगीत छत्र्या असतात, त्याही उन्हाच्या. आमच्या घरी एकदा आज्जीने नातीच्या खांद्यावरून बराच वेळ बघून विचारलं होतं, “आगं, ह्या गावात पाऊस कवा पडतोय गं?” नात म्हणाली, “आज्जी, थांब की, इव्हेंट संपालाय.” आज्जीचा प्रश्न बनवणाऱ्यांपर्यंत जायला हवा होता. तिथी बदलते म्हणून आपले सण बसवता येत नाहीत ही सबब टिकत नाही, ईस्टरही दर वर्षी हलतोच. ‘पोकेमॉन गो’ने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिवाळीच्या निमित्ताने दिव्यांचा इव्हेंट घेतला, पण तो काही गाव सजवायचा खेळ नव्हे.

वेळही परदेशी. ज्या खेळांचा दिवस जागतिक प्रमाणवेळेने मध्यरात्री संपतो, त्यांचा इव्हेंट आपल्याकडे पहाटे साडेपाचला मिटतो. शेवटच्या दिवशी गजर लावून उठणारे आहेत.

अलीकडचा टप्पा पासचा. २०१३ मध्ये ‘डोटा २’ने आणि डिसेंबर २०१७ मध्ये ‘फोर्टनाइट’ने, म्हणजे लढाईच्या खेळांनी, जी रीत रुळवली, ती क्लॅशमध्ये २०१९ साली ‘गोल्ड पास’ म्हणून आली. एकेक वस्तू विकण्याऐवजी महिन्याचा हप्ता. पास घ्यायचा आणि पुन्हा रोज खेळून त्यातल्या वस्तू सोडवायच्या, म्हणजे पैसेही द्यायचे आणि राबायचंही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत चलाख शोध हाच.

आता यातली काही गावं उठलीही आहेत. ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार सुटला आणि मूळ ‘फार्मव्हिल’ ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. ‘टॅप्ड आउट’चे सर्व्हर २४ जानेवारी २०२५ ला थांबले. बारा वर्षांची हॅलोविनची घरं आणि नाताळचे दिवे त्याबरोबर गेले. पैसे देऊन घेतलेलेही गेले, कारण विकत मिळाला होता तो फक्त वापर. निन्टेंडोने निराळी वाट काढली. २०१७ पासून चाललेला ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’चा फोनवरचा अवतार ‘पॉकेट कॅम्प’ नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केला आणि डिसेंबरात त्याची एकरकमी किमतीची, आतल्या खरेदीशिवाय चालणारी आवृत्ती काढली. मुदतीत आपला डेटा नेणाऱ्यांना जुनं सामान तिथे परत मांडता आलं. ज्यांनी नेला नाही त्यांच्याकडे स्क्रीनशॉट आहेत.