गुदमार्गातून टीएमई : नॉर्वेच्या निर्णयाची पार्श्वभूमी

टीएमई म्हणजे गुदाशय त्याच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढणं. ती पोटातून न करता खालून, गुदद्वारातून करण्याची पद्धत नॉर्वेने देशभर थांबवली. हा निर्णय समजायला थोडं मागे जावं लागतं. गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया कशी झाली, हे ओटीपोटात गाठ परत येते का यावरून ठरतं. १९०८ मध्ये लंडनमध्ये मांडलेल्या पद्धतीत गुदद्वारासकट सगळं काढून कायमचा स्टोमा (शौचासाठी पोटावर केलेलं छिद्र) दिला जाई. पुढे आतड्याची टोकं जोडणारा गोल स्टेपलर आला. गाठीखाली ५ सेंटिमीटर निरोगी आतडं काढण्याचा नियम २ सेंटिमीटरवर आणि अगदी खालच्या गाठींत १ सेंटिमीटरवर उतरला. १९८२ मध्ये इंग्लंडमधून टीएमई मांडली गेली, १९८६ मध्ये काढलेल्या भागाच्या बाजूच्या कडेला कर्करोग आहे का हे तपासण्याचं महत्त्व पटलं आणि खरा फरक तिथून पडला. २००१ च्या डच चाचणीत टीएमईच्या आधी पाच दिवस रेडिएशन दिलेल्यांत दोन वर्षांत गाठ परत येण्याचं प्रमाण २.४ टक्के होतं, न दिलेल्यांत ८.२. म्हणजे नुसती नीट केलेली टीएमईसुद्धा त्या काळाच्या मानाने बरीच चांगली होती.

पेच उरला तो खालच्या ५-६ सेंटिमीटरचा. पुरुषाचं अरुंद श्रोणी (कमरेच्या हाडांमधली पोकळी), जाड रुग्ण, पुढच्या बाजूची गाठ, अशा वेळी पोटातून उतरणारी लॅपरोस्कोपीची (छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने करायच्या शस्त्रक्रियेची) उपकरणं तिथे सरळ पोचत नाहीत. गाठीखाली आतडं बंद करून कापणारा स्टेपलर हवा तसा आडवा बसत नाही, मग दोन-तीनदा मारावा लागतो आणि जोड गळण्याची भीती वाढते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या दोन चाचण्यांत काढलेल्या नमुन्याच्या दर्जाबाबत लॅपरोस्कोपी उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी नाही, हे सिद्ध होऊ शकलं नाही. त्याच वर्षी युरोपातल्या मोठ्या चाचणीत मात्र तीन वर्षांनी दोन्ही गटांत गाठ परत येण्याचं प्रमाण सारखंच, ५ टक्के निघालं.

वरून पोचत नसेल तर खालून जावं, हा विचार २००९ मध्ये बार्सिलोनात प्रत्यक्षात उतरला. एक चमू पोटातून रक्तवाहिनी बांधतो आणि डावं आतडं सोडवतो. दुसरा गुदद्वारात बसवलेल्या पोर्टमधून काम करतो. गाठीखाली पर्स-स्ट्रिंग टाका (बटव्याच्या दोरीसारखा गोल आवळणारा) घालून आतडं घट्ट बंद करायचं, पोव्हिडोन-आयोडीनने धुवायचं, जागा फुगवायला कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने सोडायचा, डायथर्मीच्या (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाच्या) ठिपक्यांनी गोल आखून भिंत पूर्ण जाडीने कापायची आणि टीएमईच्या पातळीत, म्हणजे त्या आवरणाच्या लगेच बाहेरच्या थरात, वर सरकायचं. खालची कड डोळ्यांसमोर आखता येते आणि गाठीखाली आतडं कापायला वरून आडवा स्टेपलर मारावा लागत नाही. हे दोन फायदे निर्विवाद आहेत.

तोटे मात्र नव्या जातीचे निघाले. पुढच्या बाजूला पातळी चुकली की प्रोस्टेट खाली ओढली जाते आणि मूत्रमार्ग कापला जातो. पोटातून होणाऱ्या टीएमईत ही इजा जवळपास ऐकिवात नव्हती. आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या पहिल्या ७२० रुग्णांत ती ५ जणांना झाली. बाजूला फार रुंद गेलं तर नसा जातात. दाबाखालचा वायू उघड्या शिरेत शिरला तर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकदम कोसळतो. अशा वेळी दाब तत्काळ सोडावा लागतो.

पण खरा घोळ पर्स-स्ट्रिंगचा. टाके दूर-दूर किंवा तिरके पडले तर मधे फट राहते. वायूच्या दाबाने ती उघडते, वरचं आतडं फुगतं आणि गाठीकडचा स्राव कापलेल्या जागेत येतो. भिंत कापून झाल्यावर टाका सैल झाला तर पेशी श्रोणीभर उडू शकतात.

नॉर्वेत ऑक्टोबर २०१४ ते ऑक्टोबर २०१८ मध्ये सात रुग्णालयांत १५७ जणांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्यांतल्या तीन रुग्णालयांनी मिळून पाच शस्त्रक्रिया करून ती सोडून दिली. १२ जणांत गाठ परत आली आणि त्यांतल्या आठांत ती अनेक ठिकाणी किंवा पसरलेली होती. सुमारे अडीच वर्षांचा अंदाज ११.६ टक्के निघाला. राष्ट्रीय नोंदणीतल्या इतर रुग्णांत तो २.४ होता. जोड गळून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण ८.४ विरुद्ध ४.५ टक्के. पद्धत देशभर थांबवली गेली.

या निर्णयावरचे आक्षेप पोकळ नाहीत. तुलना यादृच्छिक नव्हती (रुग्णांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडलेले नव्हते), आकडा लहान होता. उरलेल्या चार रुग्णालयांची सरासरी काढली तर वर्षाला दहाच्या आतच शस्त्रक्रिया येतात. अनुभवी केंद्रांचे आकडे वेगळे आहेत: सहा केंद्रांतल्या ७६७ रुग्णांत दोन वर्षांत गाठ परत येण्याचं प्रमाण ३ टक्के होतं. नेदरलँड्समध्ये प्रत्येक रुग्णालयाच्या पहिल्या दहा रुग्णांत ते १० टक्के निघालं. तेव्हा दोष तंत्राचा नाही, शिकण्याच्या काळाचा आहे, असं समर्थक म्हणतात.

तरीही नॉर्वेचं पाऊल योग्य होतं असंच म्हणावं लागेल. शिकण्याच्या काळात नेहमीच्या टीएमईतही चुका होतात, पण तेव्हा गाठ बहुधा जिथे कड अपुरी राहिली तिथेच परत येते. इथे ती श्रोणीत विखुरलेली दिसली. पेशी सांडल्याचाच तो नमुना वाटतो. शिवाय पहिल्या दहा रुग्णांना ही किंमत का मोजायला लावायची, याचं समाधानकारक उत्तर समर्थकांकडून आलेलं नाही. जिथे ही पद्धत चालू आहे तिथे आता टाका घातल्यावर पाण्याने धुऊन तो गळत नाही ना हे तपासणं, शंका आली तर दुसरा टाका घालणं आणि मगच वायू सोडणं, यावर भर असतो.

दरम्यान तीच अडचण दोन वेगळ्या वाटांनी सुटू लागली. रोबोटचं वळणारं मनगट वरूनच खाली पोचतं. चीनमधल्या ११ रुग्णालयांच्या चाचणीत २०२२ मध्ये बाजूच्या कडेला कर्करोग सापडण्याचं प्रमाण रोबोटने ४ टक्के, लॅपरोस्कोपीने ७.२ टक्के निघालं. त्याआधीच्या, २०१७ च्या चाचणीत मात्र रोबोटमुळे पोट उघडावं लागण्याचं प्रमाण लक्षणीय घटल्याचं दिसलं नव्हतं. दुसरी वाट शस्त्रक्रियाच टाळण्याची. २००४ मध्ये ब्राझीलमधल्या २६५ रुग्णांपैकी ७१ जणांत केमो-रेडिएशननंतर गाठ पूर्ण विरघळली आणि त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं गेलं. तेव्हा त्याला वेडेपणा म्हणणारे होते. २०२२ च्या अमेरिकी चाचणीत रेडिएशनबरोबर पूर्ण केमोथेरपीही आधीच दिली, तर सुमारे निम्म्या रुग्णांचा गुदाशय तीन वर्षांनंतरही शाबूत होता. या रुग्णांपैकी ज्यांची गाठ पुन्हा वाढते, त्यांची शस्त्रक्रिया रेडिएशनने कडक झालेल्या त्याच अरुंद जागेत करावी लागते.