क्रुशिनियानी: थकलेल्या पगारातून वसलेलं गाव

पोलंडच्या ईशान्य टोकाला, बेलारूसच्या सीमेलगत क्रुशिनियानी नावाचं छोटंसं गाव आहे. या गावात लाकडी मशीद कशी, हा पहिला प्रश्न पडतो. त्याचं उत्तर धर्मप्रसारात नाही, सरकारी हिशेबात आहे.

तातार, म्हणजे मंगोल-तुर्क वंशाचे मुस्लिम लोक, या भागात आले चौदाव्या शतकात, लिथुआनियाच्या राजांच्या आश्रयाने. घोडदळात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. 1410 च्या ग्रुनवाल्डच्या लढाईतही ते पोलंड-लिथुआनियाच्या बाजूने होते. पुढे पोलंड-लिथुआनियाच्या संयुक्त राज्यात पगार थकत गेले, जुन्या सवलतींना कात्री लागली. 1672 मध्ये तुर्की स्वारी आली, तेव्हा यातले बरेच तातार सरळ सुलतानाला जाऊन मिळाले. त्यांना परत आणायचं, तर जुनी बाकी चुकती करणं भाग होतं, आणि तिजोरीत तर खडखडाट. मग राजा यान सोबिएस्कीने 1679 मध्ये पैशांऐवजी राजघराण्याच्या मालकीची जमीन दिली. क्रुशिनियानी सामुएल क्शेचोव्स्की या तातार सरदाराच्या आणि त्याच्या माणसांच्या वाट्याला आलं. बोहोनिकी हे गावही त्याच वाटपातलं.

क्शेचोव्स्कीने तुर्कांविरुद्धच्या पार्कानीच्या लढाईत राजाचा जीव वाचवला, अशी कथा गावात आवडीने सांगतात. सांगोत बापडे! पण ती लढाई 1683 ची, म्हणजे जमीन मिळाल्यानंतर चार वर्षांनी झालेली.

मशिदीची सध्याची इमारत अठराव्या शतकातली मानली जाते. हिरव्या रंगाच्या फळ्या, दर्शनी बाजूला दोन चौकोनी मनोरे. मनोऱ्यांवरची चंद्रकोर नजरेआड केली, तर कुणीही तिला खेड्यातलं चर्चच समजेल. आत मात्र गालिचे, भिंतींवर चौकटीत लावलेली कुराणातली वचनं आणि बायकांसाठी वेगळी खोली. जवळच्या टेकाडावर झाडीत दफनभूमी आहे. तिथल्या दगडांवर अरबीच्या जोडीला पोलिश आणि रशियन मजकूर दिसतो. तातार भाषा या लोकांच्या तोंडातून केव्हाच गेली होती. त्यांचे धर्मग्रंथसुद्धा अरबी लिपीत, पण बेलारूसी आणि पोलिश भाषेत उतरवलेले असत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलंडचे लचके तोडले गेले आणि पुढे हा भाग रशियाकडे गेला. खरा घाव बसला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. नवी सीमा आखली गेली, बहुतेक तातार वस्त्या सोव्हिएत संघात गेल्या. जुन्या लाकडी मशिदी असलेली दोनच गावं पोलंडमध्ये उरली: क्रुशिनियानी आणि बोहोनिकी. 2012 मध्ये दोन्हींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

गावात आज तातारांची मोजकीच घरं आहेत, ख्रिस्ती वस्ती जास्त. बाकीचे बियाविस्तोकसारख्या शहरांत पांगले, सणावाराला येतात. येणाऱ्या पर्यटकांना पदर सुटणारा, गुंडाळी करून भाजलेला मांसाचा 'पिएरेकाचेव्हनिक' खायला मिळतो. त्या पदार्थाच्या कृतीला तर युरोपीय संघाचं संरक्षणही आहे.