काळोख्या गुन्हेमालिकांची परीक्षणं: किती भाग पाहून लिहिलेली?

१९ जून २०११ च्या रात्री अमेरिकेतल्या एएमसी वाहिनीवर 'द किलिंग'च्या पहिल्या सीझनचा तेरावा आणि शेवटचा भाग लागला. रोझी लार्सनचा खून कुणी केला, हे न सांगताच तो संपला. अडीच महिन्यांपूर्वी, ३ एप्रिलला मालिका सुरू झाली तेव्हा समीक्षकांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं. सिएटलचा न थांबणारा पाऊस, मुलगी गेलेल्या आईबापांच्या दुःखापाशी थांबणारा कॅमेरा आणि कमी बोलणारी तपास अधिकारी, हे सगळं तेव्हाच्या अमेरिकी पोलीस मालिकांपेक्षा वेगळं होतं. शेवटच्या भागानंतर मात्र त्यांतल्याच कित्येकांनी फसवणूक झाल्याचं लिहिलं. पुढच्या महिन्यात मालिकेला एमी या अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कारांची सहा नामांकनं मिळाली, तीही सुरुवातीच्या भागांच्या जोरावर. खुनी कळायला दुसऱ्या सीझनचा शेवट, म्हणजे एकूण २६ भाग लागले.

ज्या डॅनिश मालिकेवरून ही बेतली होती, ती २००७ ची 'फॉरब्रिडेल्सन'. वीस भाग, तपासाचे वीस दिवस आणि विसाव्या भागात उलगडा. ब्रिटनमध्ये बीबीसी फोरने ती जानेवारी २०११ पासून शनिवारी रात्री दोन-दोन भाग अशी दाखवली, दहा आठवड्यांत संपवली, आणि तिथल्या समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. म्हणजे एकाच वर्षी, एकाच कथेची दोन टोकाची स्वागतं झाली. अमेरिकी रूपांतरात उणिवा होत्याच. दर भागाच्या शेवटी नवा संशयित आणि दोन भागांनी त्याची सुटका, हे चक्र फार लवकर लक्षात येत होतं. पण पहिली परीक्षणं लिहिताना ते दिसणं शक्य नव्हतं, कारण समीक्षकांच्या हाती तेव्हा सुरुवातीचे मोजके भागच होते.

गडद गुन्हेमालिकांच्या समीक्षेचा इतिहास वाचताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. परीक्षण कुणी लिहिलं यापेक्षा ते किती भाग पाहून लिहिलं, याने जास्त फरक पडतो.

रीत अशी असते. वाहिनी किंवा प्लॅटफॉर्म प्रक्षेपणाआधी निवडक समीक्षकांना काही भाग पाठवतो. आधी त्यासाठी व्हीएचएस कॅसेट असत, मग डीव्हीडी आल्या, आता पासवर्ड लावलेली लिंक येते. चित्रावर समीक्षकाचं नाव किंवा ईमेल उमटवलेला असतो, म्हणजे चोरी झाली तर माग लागावा. पार्श्वसंगीत काही वेळा तात्पुरतं असतं, रंगसंस्कार अर्धवट असतात. अमुक तारखेच्या अमुक वेळेपर्यंत काही छापायचं नाही अशी अट असते, आणि काय फोडायचं नाही याची यादीही. आठ-दहा भागांपैकी पुष्कळदा तीन, चार किंवा सहाच मिळतात. रहस्यकथेत नेमका उलगडाच राखून ठेवलेला असतो, त्यामुळे विनोदी किंवा कौटुंबिक मालिकेपेक्षा गुन्हेमालिकेच्या परीक्षणाचं नुकसान जास्त होतं.

याच जोडीला एक तांत्रिक गोष्ट. कमी बिटरेटच्या, म्हणजे दर सेकंदाला कमी डेटा पाठवणाऱ्या लिंकवर अंधारी दृश्यं सर्वांत आधी बिघडतात. सावल्यांमध्ये चौकोन आणि पट्टे दिसू लागतात, काळ्या कोटातला माणूस काळ्या भिंतीत विरघळतो. मग परीक्षणात 'छायाचित्रण विनाकारण अंधारं' असा शेरा येतो. घरीही तो खरा वाटू शकतो, कारण दिवसाउजेडी दिवाणखान्यात 'व्हिविड' मोडवर लावलेला टीव्ही काळ्या रंगातला तपशील खाऊन टाकतो. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावावा, हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करावं, पडद्यावर थेट पडणारा दिवा मालवावा आणि मग तेच दृश्य पुन्हा पाहावं. छायाचित्रकाराला दोष द्यायचा तर त्यानंतर.

या गोष्टीची सुरुवात बहुधा 'ट्विन पीक्स'पासून धरली जाते. ८ एप्रिल १९९० रोजी एबीसीवर तिचा पहिला भाग आला आणि दूरचित्रवाणीवर असंही करता येतं, या आश्चर्याने समीक्षक भारावून गेले. मालिकेचे कर्ते डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांना लॉरा पामरच्या खुनाचं उत्तर लांबणीवर ठेवायचं होतं. वाहिनीने आग्रह धरला, १० नोव्हेंबर १९९० च्या भागात खुनी उघड झाला आणि त्यानंतर मालिकेची पकड सुटली. जून १९९१ मध्ये ती तीस भागांवर थांबली. १९९२ मध्ये आलेल्या तिच्या चित्रपटाची कान चित्रपट महोत्सवात निर्भर्त्सना झाली. आज तोच चित्रपट लिंचच्या महत्त्वाच्या कामांत गणला जातो. २०१७ मध्ये अठरा भागांचं पुनरागमन झालं, आणि 'काये द्यु सिनेमा' या फ्रेंच मासिकाने ते दशकातल्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत पहिल्या जागी ठेवलं. मालिका चित्रपटांच्या यादीत कशी, हा वाद तेव्हापासून सुरू आहे. एकाच कृतीच्या वाट्याला सत्तावीस वर्षांत कौतुक, उपेक्षा, हेटाळणी आणि पुन्हा कौतुक असं सगळं आलं.

'द वायर'चं उदाहरण याहून बोलकं आहे. २ जून २००२ रोजी एचबीओवर ती सुरू झाली, तेव्हा चांगलं लिहिणाऱ्यांनीही 'धीर धरा' असा इशारा दिला होता. बाल्टिमोरच्या अमली पदार्थांच्या व्यापाराची ही कथा एका प्रकरणाला अख्खा सीझन देते, पात्रांची ओळख करून देत नाही, पोलिसांची आणि पोरांची बोली समजावून सांगत नाही. फोन टॅप करायची परवानगी मिळेपर्यंतच कित्येक भाग जातात. तीन भाग पाहून तारे देणाऱ्याच्या हातात अशा रचनेतलं फारसं काही येत नाही. २००६ च्या सप्टेंबरात चौथा सीझन आला तेव्हा एचबीओने समीक्षकांना त्याचे तेराही भाग आधीच दिले. शाळेतल्या चार मुलांची ती गोष्ट शेवटापर्यंत पाहिल्यावर लिहिलेली परीक्षणं आधीच्या परीक्षणांपेक्षा उघडउघड वेगळी होती, आणि मालिकेचं आजचं स्थान बरंचसं तिथे ठरलं. पाच सीझन, साठ भाग, एमीची दोनच नामांकनं, दोन्ही लेखनासाठी, आणि पुरस्कार एकही नाही. २०२१ मध्ये बीबीसी कल्चरने ४३ देशांतल्या २०६ जाणकारांना एकविसाव्या शतकातली सर्वश्रेष्ठ मालिका विचारली, तेव्हा पहिली आली ती 'द वायर'च.

मग अर्धवट पाहून लिहिलेलं सगळंच मोडीत काढायचं का? तसं करता येत नाही. 'ट्रू डिटेक्टिव्ह'चा पहिला सीझन १२ जानेवारी ते ९ मार्च २०१४ या काळात आठ भागांत आला. निक पिझोलाटोचं लेखन आणि कॅरी फुकुनागाचं दिग्दर्शन यांवर सगळीकडून स्तुतिसुमनं पडत होती. शेवट यायच्या आधीच 'न्यूयॉर्कर'मध्ये एमिली नुसबॉम यांनी लिहिलं की या मालिकेतल्या बायका सपाट आहेत. बायको, वेश्या, मुलगी आणि प्रेत यांपलीकडे त्यांना अस्तित्व नाही. पुढचे भाग पाहूनही हा आक्षेप खोडता आला नाही. खुनी कोण, धागे जुळतात का, याचा निवाडा शेवट पाहिल्याशिवाय होत नाही. पात्रं कशी घडवली आहेत, कॅमेरा कुणाच्या देहाकडे कसा पाहतो, हे चौथ्या भागापर्यंत पुरेसं कळलेलं असतं. चांगला समीक्षक या दोन गोष्टींची गल्लत करत नाही. नुसबॉम यांना २०१६ मध्ये समीक्षेचं पुलित्झर मिळालं.

याच सीझनच्या चौथ्या भागात सुमारे सहा मिनिटांचं एक सलग दृश्य आहे. त्यावर जगभर लेख आले आणि त्याच भागासाठी फुकुनागाला दिग्दर्शनाची एमी मिळाली. इथे पुणेकर वाचकाने एक जुनी गोष्ट आठवावी. २००४ मध्ये 'सीआयडी'चा 'द इनहेरिटन्स' हा १११ मिनिटांचा भाग एका शॉटमध्ये, कुठेही न तोडता चित्रित झाला होता. त्यामागचे बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी. २०१८ मध्ये ते तिथले अध्यक्षही झाले. त्या शॉटची नोंद विक्रम म्हणून झाली, पण कलाकृती म्हणून त्याचं परीक्षण क्वचितच झालं. वीस वर्षं चाललेली लोकप्रिय मालिका परीक्षणाच्या लायकीची नसते, या समजुतीने आपल्याकडे बरंच काम न तपासताच मागे पडलं.

पुण्यात दूरचित्रवाणी १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यामार्फत, मुंबई केंद्राचं सहक्षेपण म्हणून आली. आगाऊ भाग वगैरे प्रकार त्या काळी नव्हता. वाचक आणि परीक्षक दोघेही एकाच रात्री, एकदाच पाहत. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांची 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलीसमालिका अशीच पाहिली गेली. पोलिसांचा फोन नंबर हेच तिचं नाव. प्रत्येक प्रकरण थोडक्यात संपत असल्यामुळे 'शेवट पाहिला की नाही' हा प्रश्न उद्भवत नसे. अडचण वेगळी होती. भाग पुन्हा पाहायची सोय नव्हती, त्यामुळे वर्तमानपत्रातलं लेखन कथा आणि अभिनय यांवरच थांबे. संकलन, ध्वनी, प्रकाश यांबद्दल लिहायला दृश्य दोनदा-तीनदा पाहावं लागतं. ती सवय पुण्याला लावली ती लॉ कॉलेज रस्त्यावरच्या इन्स्टिट्यूटने आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, त्यांच्या उन्हाळी रसास्वाद शिबिराने. ती सवय चित्रपटापुरती राहिली, मालिकेपर्यंत पोहोचायला फार उशीर झाला, ही खंत आहे.

रोजच्या मालिकेत तर परीक्षणाची घडीच बसत नाही. 'देवमाणूस' ऑगस्ट २०२० मध्ये झी मराठीवर आली. खुनी पहिल्यापासून माहीत, गावाचा विश्वास मिळवलेला बोगस डॉक्टर, मूळ प्रेरणा वाई परिसरातल्या खऱ्या हत्यांची. वर्षभर चाललेल्या अशा मालिकेचं परीक्षण पहिल्या आठवड्यात छापून येतं आणि पुढे कुणी तिच्याकडे वळत नाही. प्रेक्षक टिकले म्हणून खून वाढत जातात, तपास ताणला जातो. मुळात बळींच्या बाजूने असलेली नजर हळूहळू खुन्याच्या करामतींत रमते का, हे पाहण्यासाठी साठाव्या, दीडशेव्या आणि शेवटच्या भागापाशी थांबून लिहायला हवं.

वेब सिरीजमुळे परीक्षणं वाढली, आणि आकडेही. परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. किती समीक्षकांनी अनुकूल लिहिलं, एवढंच ती सांगते. साठ टक्के गाठले की 'फ्रेश' असा शिक्का. सगळ्यांनी 'बरी आहे' म्हटलं तरी आकडा शंभर येऊ शकतो. मेटाक्रिटिक गुणांची सरासरी काढतं, पण काही प्रकाशनांना जास्त वजन देऊन. दोन्हींकडे सीझनचा आकडा मुख्यतः सुरुवातीच्या परीक्षणांतून तयार होतो. शेवट पाहून मत बदललेला समीक्षक स्वतंत्र लेख लिहितो, पण आकड्यात ते मत बहुधा उतरत नाही. 'सेक्रेड गेम्स'चा २०१८ चा पहिला सीझन आणि ऑगस्ट २०१९ चा दुसरा यांवरचं लेखन शेजारी ठेवून वाचावं. पहिल्याची भिस्त 'पंचवीस दिवसांत काय होणार' या प्रश्नावर होती, आणि जितेंद्र जोशीने साकारलेल्या हवालदार काटेकरवर. उत्तर द्यायची वेळ दुसऱ्यावर आली आणि कौतुक ओसरलं. 'पाताल लोक' मे २०२० मध्ये टाळेबंदीत आली, नऊही भाग एकदम. लोकांनी ती दोन रात्रींत संपवली, आणि परीक्षणांतही शेवटाचा हिशेब लवकर आला. तिच्या दोन दिग्दर्शकांपैकी अविनाश अरुण आणि पोलीस अधिकारी हाथीराम साकारणारा जयदीप अहलावत, दोघेही पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधले.

खऱ्या गुन्ह्यावरच्या मालिकेला हे गणित लागूच होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली 'मानवत मर्डर्स' १९७२ ते १९७४ च्या परभणी जिल्ह्यातल्या हत्यांवर आणि तपास अधिकारी रमाकांत कुळकर्णी यांच्या आठवणींवर उभी आहे. शेवट पन्नास वर्षांपूर्वीच वर्तमानपत्रांत छापून आलेला. मग पाहायचं ते कबुलीजबाब कसा मिळवला, पंचनामा कसा झाला, मेलेल्या मुलींना नाव आणि घर दिलं की नुसतं प्रेत केलं. पुण्याला ही कसोटी ऐकून माहीत नाही, अंगावरून गेलेली आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळातले जोशी-अभ्यंकर प्रकरणातले दहा खून, चित्रकला शिकणारे आरोपी, नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात झालेल्या फाशी. त्यावरचा 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट १९८६ मध्ये आला, तेव्हा संध्याकाळनंतर दाराची कडी न काढणाऱ्या त्या दिवसांना जेमतेम दहा वर्षं झाली होती, आणि तो पाहायला बसलेल्या प्रेक्षकांत ते दिवस काढलेले लोक होते.